आठला उठायचं ठरलं होतं

हिरा,

उद्या तुझं बारावं. मंडळाच्या पोरांनी फ्लेक्स छापून आणलाय. त्यावर तू दोन्ही दंड फुगवून उभा आहेस, कपाळाला पट्टी, आणि खाली मोठ्या अक्षरांत तुझं रिंगमधलं नाव, 'तुफान तांडेल'. बघून मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, तू कसला रे तांडेल. कोळ्याच्या घरात जन्मलास आणि होडी खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत ओकायचास. तुझ्या बापाने शेवटी हात टेकले आणि तुला उरणच्या कंटेनर यार्डात चिकटवलं. तिथे गेटवर मी नंबर टिपत बसलेलो. तेव्हापासून बावीस वर्षं आपण एकमेकांच्या मानगुटीवर बसून काढली.

पोरांनी मोबाइलवर कुठेतरी बघितलंय की फ्री स्टाईल कुस्तीवाला गेला की त्याच्या नावाने रिंगमधली घंटा दहा वेळा वाजवतात. उद्या ते माझ्याकडून वाजवून घेणार आहेत. मी माझा पंचाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालायचा, चार शब्द बोलायचे आणि दहा टोल द्यायचे. मी हो म्हटलं. काय बोलायचं तेही मनात जुळवलं होतं, तुझा दिलदारपणा, तुझी ताकद, पोरांना फुकट शिकवायचास ते. सगळं खरंच आहे. पण तुझ्याशी बोलायचं ते हे नाही. म्हणून आज दुपारी आमच्या मिठागराच्या बांधावर येऊन बसलोय. मिठागर आता नावालाच उरलंय, पण बांधावर वारा असतो आणि कुणी येत नाही.

आधी ते रक्ताचं लिहितो. तुला नवीन काही नाही त्यात, पण आपण ते कधी मोठ्याने बोललोच नाही. बोलायचं नाही असा नियमच होता. लोक मला गेल्या दहा दिवसांत चार वेळा विचारून गेले की तुफानच्या तोंडावर यायचं ते नक्की काय होतं, कुंकवाचं पाणी का आणखी काही. मी खांदे उडवले. आता मला एकदा सगळं ओळीने मांडायचंय, निदान कागदावर.

शोच्या दिवशी सकाळी तू दाढीचं ब्लेड कागदात धरायचास आणि त्याचा एक कोपरा मोडायचास, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याला चिकटपट्टी गुंडाळायचास, इतकी की टोक फक्त नखाला लागावं. तो तुकडा माझ्याकडे. मी तो घड्याळाच्या पट्ट्याखाली ठेवायचो, कारण पंचाच्या मनगटाकडे कुणी बघत नाही. मग खेळ रंगात आला की आपला पनवेलचा रिक्षावाला रमाकांत, म्हणजे रिंगमधला 'काळा नाग', तुझं डोकं कोपऱ्यातल्या खांबावर आपटायचा. आपटणं खोटं. मध्ये त्याचा तळहात असायचा आणि आवाज खालच्या फळ्यांचा. तू पालथा पडायचास, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मी धावत येऊन वाकायचो, किती लागलंय ते बघितल्यासारखं करायचो आणि तुकडा तुझ्या मुठीत सरकवायचो. केसांच्या खाली तू एक आडवी रेघ ओढायचास, बोटाच्या पेराएवढी. मग श्वास कोंडून, गाल फुगवून जोर लावायचास, म्हणजे रक्त वर चढतं. घामाने निथळणाऱ्या तोंडावर दोन चमचे रक्त वाटीभर दिसतं. मुंबईतले काही जण म्हणे त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी घ्यायचे. तू कधी घेतली नाहीस, तुला गोळीने पित्त व्हायचं.

कपाळच का, तेही आपल्या उस्तादांनी शिकवलेलं. तिथली कातडी पातळ, खाली लगेच हाड, रक्त भरपूर येतं आणि जखम चार दिवसांत मिटते. उस्ताद म्हणजे मिठाच्या रिकाम्या गोदामात गोणपाटं अंथरून आपल्याला पडायला शिकवणारा तो म्हातारा. त्याने ब्लेड पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. "खून दिखाना है तो अपना दिखाना. सामनेवाले का कभी नहीं." तू ते आयुष्यभर पाळलंस. रमाकांतच्या अंगावर तुझ्यामुळे कधी ओरखडा आला नाही.

रेघ ओढून झाली की तुकडा मला परत. तो रिंगमध्ये राहिला तर कुणाच्या तरी गुडघ्यात जायचा. तो घेताना मी तुझा हात धरायचो आणि तिथे आपली खूण होती. मी एकदा दाबायचो, म्हणजे ठीक आहेस ना. तू उलट दाबलास की ठीक. दाबला नाहीस की मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली धरायची. फुली म्हणजे नाटक संपलं, माणसाला खरंच लागलंय, खेळ थांबवा. बावीस वर्षांत मला फुली धरायची वेळ आली नाही. तू दाबायचास, मी उभा राहायचो आणि हात हवेत आपटत मोजायला लागायचो. तू आठला उठायचास. सातला उठलं तर लोकांना घाई वाटते आणि नऊपर्यंत ते हळहळून मोकळे झालेले असतात, असं तुझं म्हणणं. त्यामुळे नऊ म्हणायची मला कधी सवयच लागली नाही.

आता हे का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू. पहिली दोन वर्षं लोक हसायचे आपल्याला. कुठल्याही जत्रेत रिंगच्या पहिल्या रांगेत एक तरी शहाणा असायचा, खोटं आहे, खोटं आहे म्हणून ओरडणारा. तुझ्या कपाळावरून लाल धार उतरली की तो गप्प व्हायचा. सगळेच गप्प व्हायचे. हजारभर माणसं एकदम गप्प झाली की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. मला ते आवडायचं, हिरा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्याशी भांडायचो, नको नको म्हणायचो आणि ती शांतता आली की माझ्याही अंगावर काटा यायचा.

तुझं कारण वेगळं होतं, ते मला त्या होळीच्या शोनंतर कळलं. खेळ संपला, तू जिंकलास, आणि एक मासळीवाली म्हातारी रिंगच्या पायऱ्यांशी आली. तुला खाली वाकायला लावलं. पदराच्या टोकाने तुझं कपाळ पुसलं, कमरेची पिशवी सोडली आणि चिमूटभर तंबाखू जखमेवर दाबून धरली. तंबाखू किती झोंबते ते मला माहीत आहे. तू हूं की चूं केलं नाहीस, डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी. मी नंतर चिडवलं तुला, तंबाखूने रडवलं तुफानला म्हणून. तू तुरटी फिरवत होतास कपाळावर. म्हणालास, "माझ्या आयनं मना कधी असा हात लावला न्हाय. पाटीच असायची तिच्या डोक्यावर, पहाटंपासनं."

आणि हाच तू सुईला घाबरायचास. माझ्या बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा रक्त हवं होतं, तुझा गट जुळला. पलंगावर आडवा झालास आणि तोंड भिंतीकडे फिरवलंस. नर्सला म्हणालास, ताई, टोचताना सांगू नका. मी बाजूला उभा राहून हसतोय आणि रडतोय. बायको आजही बरी आहे, कालच तुझ्या नावाने घावन करून गेली वहिनींकडे. तुझी एक बाटली तिच्या अंगात गेली त्याबद्दल मी तुला धड धन्यवाद दिले नव्हते. चहा पाजला होता फक्त, आणि त्यावरही साखर कमी म्हणून तू बोललास.

बोर्ली पंचतनची गोष्ट मात्र आपल्यात अर्धवट राहिली. तिथल्या बाजारातला शो, भर दुपारी, चटईखाली फळ्या तापलेल्या. तुझा हात घामाने घसरला आणि रेघ कपाळावरून कानशिलाकडे गेली. रक्त वाहायच्या ऐवजी उडायला लागलं, थांबून थांबून, ठोक्याबरोबर. मी तुझा हात धरला, दाबला. तू दाबलास. मी पुन्हा दाबला, तू पुन्हा दाबलास, पहिल्यापेक्षा जोरात. म्हणून मी उभा राहिलो आणि मोजलं. आठला तू उठलास, रमाकांतला उचलून आपटलंस, जिंकलास, लोकांना हात केलेस आणि टेम्पोत चढून बसल्यावर बेशुद्ध पडलास. डॉक्टरांनी टाके घातले, कशाने लागलं विचारलं. आपण पत्रा लागला म्हणून सांगितलं.

परतीच्या वाटेवर आपण जे भांडलो तसे कधी भांडलो नव्हतो. मी म्हटलं, तुला लागलं होतं आणि तू दाबलास, मग ती खूण ठेवायची कशाला, उद्यापासून मी तुकडा आणणार नाही. तू आधी ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "न्हाय दाबला असता तर तू थांबवला असतास."

"त्यासाठीच आहे ती खूण," मी म्हटलं.

"मंग लोक बोलले असते, सगळा खरा व्हता तर थांबला कशाला."

माझ्या रागाचा पारा चढला. मी ड्रायव्हरला टेम्पो थांबवायला लावला आणि उतरून चालू लागलो, कुठे चाललोय ते मलाही माहीत नव्हतं. तू डोक्याला बँडेज बांधलेला, झोकांड्या खात मागून आलास. माझा हात धरलास आणि म्हणालास की बाकी सगळीकडे खोटं बोलेन, या हाताशी बोलणार नाही. मी विश्वास ठेवला. आणि दीड महिन्याने पुढचा शो लागला तेव्हा तुकडा माझ्या घड्याळाच्या पट्ट्याखाली होता. तू मागितलास आणि मी आणला. उस्तादांनी सांगितलेलं अपना दिखाना, ते तू दाखवलंस. माझं मला काही दाखवावं लागलं नाही, मी नुसता पुरवत राहिलो.

अलीकडे तर तुला त्याचं फळही मिळत नव्हतं. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल. रिंगच्या इतके जवळ येऊन शूटिंग करतात की तुझ्या भुवया मोजता याव्यात, आणि खाली लिहितात, सॉस कुठल्या कंपनीचा आहे. नागावच्या बीचवरल्या गेल्या वर्षीच्या शोचा तो व्हिडिओ तू तुझ्या मुलीच्या मोबाइलवर बघितलास. एक एक कॉमेंट वाचून दाखवायला लावलीस तिला. हसलास. मग बराच वेळ कपाळ चोळत बसलास. कपाळ तरी कसलं, नांगरलेल्या शेतासारखं झालं होतं. मी म्हटलं, बघ, सॉस म्हणणाऱ्यांसाठी कापून घेतोस, पन्नाशी उलटली, आता बास कर. तू म्हणालास, त्यांच्यासाठी नाही. मग कोणासाठी, ते विचारायचं राहिलं. मला वाटतं तुला प्रत्येक शोला ती म्हातारी दिसायची पहिल्या रांगेत. पण हे मी आपलं माझ्याच मनाने म्हणतोय.

आता त्या सकाळचं.

तुझ्या अंगणात आपण रिंगचे दोर घेऊन बसलो होतो. नागावचा शो आठ दिवसांवर आलेला. जुन्या दोरांवर तू निळी पट्टी गुंडाळत होतास, मी दुसरं टोक ताणून धरलं होतं. वहिनी आत सुक्या कोळंबीचे सोडे भाजत होत्या, वास अंगणभर. तू म्हणालास, कात्री आणतो. उठलास, दोन पावलं गेलास आणि पडलास.

तू कसा पडलास ते सांगतो. तुझ्यासारखाच पडलास. गेली कित्येक वर्षं तू कुठेही पडायचास. लग्नात, बाजारात, यार्डाच्या कँटीनमध्ये. ओल्या फरशीवर पाय घसरला तरी त्याचा शो करायचास, पालथा होऊन तोंड झाकायचास आणि मी जिथे असेन तिथून मोजायला लागायचो. लोक जमायचे, आठला तू उठायचास, हशा व्हायचा. तुझ्या मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा व्याह्यांच्या देखत आपण हे केलं होतं आणि वहिनी दोन दिवस आपल्याशी बोलल्या नव्हत्या.

तर मी दोर खाली ठेवला आणि जमिनीवर हात आपटून मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. आतून वहिनी म्हणाल्या, पुरे झालं दोघांचं, चहा थंड होतोय. चारला मी सरकत तुझ्याजवळ आलो आणि सवयीने तुझा हात धरला. दाबला. हिरा, तू दाबलास.

एकदाच, सावकाश, पण दाबलास. म्हणून मी पुढे मोजलं. पाच. सहा. सात म्हणताना मी हसत होतो. आठ जरा लांबवला, नेहमीसारखा. आणि तू उठला नाहीस.

मी तुला उताणा केला. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, डोळे अर्धे. कपाळावर काही नाही, जुने वण सोडून एक थेंब नाही. शेजाऱ्याचा टेम्पो, मग कंटेनरच्या रांगांतून वाट काढत हॉस्पिटल, मग ते मोठं मशीन. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झालाय, आत खूप रक्त साठलंय. मला एवढंच सुचलं की जन्मभर तू ते बाहेर काढून लोकांना दाखवलंस आणि या वेळी आतच ठेवलंस. संध्याकाळी तू गेलास.

मी डॉक्टरांना विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या रक्तस्रावात काही मिनिटांनी फरक पडला नसता, तुम्ही लगेच आणलंत ते योग्यच केलंत. लगेच. मी मान हलवली. आलेल्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं, पडला आणि मी लगेच उचलला. तुझ्या मुलीला सांगितलं, रमाकांतला सांगितलं, यार्डातल्या साहेबांना सांगितलं. डॉक्टरांच्या मिनिटांशी मला देणंघेणं नाही. तू जमिनीवर पडलेला असताना मी तुझ्या शेजारी बसून हसत आठ आकडे मोजले, एवढंच मला कळतं. आणि तू माझा हात दाबलास. त्यावर माझं घोडं अडलंय. तू सांगत होतास की ठीक आहे? की बोर्लीसारखं, थांबवू नको म्हणून? की तुला काहीच कळत नव्हतं आणि बोटंच आपली वळली? दहा दिवस मी या हाताने जेवतोय आणि प्रत्येक घासाला त्याच्याकडे बघतोय.

आज सकाळी वहिनींकडे गेलो होतो, बाराव्याच्या सामानाची यादी करायला. त्या अंगणातच बसल्या होत्या. दोर तिथेच पडलाय, निळी पट्टी अर्ध्यावर. कुणी उचलला नाही. मी यादी काढली, तांदूळ किती, नारळ किती, आणि मला पुढे लिहिता येईना. मग मी त्यांना सगळं सांगितलं. मोजलं ते, हात धरला ते, तू दाबलास ते. त्यांच्याकडे न बघता सांगितलं. वाटलं आता त्या उठून आत जातील, आणि गेल्या असत्या तरी मी काही बोललो नसतो.

त्या बराच वेळ पट्टीचं टोक नखाने सोडवत बसल्या. मग म्हणाल्या, "मोजलेला मी आयकला, भावजी. मी आत हसत होते. तुमी कोनाला सांगू नका, मी पन सांगितला न्हाय."

मला हे सुचलंच नव्हतं, हिरा. मी स्वतःतच इतका गुरफटलो होतो की त्या आतून ऐकत होत्या हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे दहा दिवस तुझ्या घरात एक बाई तेच ओझं घेऊन आल्यागेल्याला चहा देत होती.

मग त्यांनी हात पुढे केला. "कसा दाबला, दाबून दाखवा."

मी संकोचलो. बावीस वर्षांत मी वहिनींच्या हाताला हात लावला नव्हता, लागला असेल तो पेला घेताना. पण त्यांनी हात तसाच धरून ठेवला. मी तो घेतला आणि तू दाबलास तसा दाबला. अंगठा मागच्या हाडावर टेकवून, एकदा, सावकाश.

त्यांनी डोळे मिटले. "असाच," त्या म्हणाल्या. "मना पन असाच दाबायचे. शोवरून आले का उशीला डोका टेकायचे आन माझा हात दाबायचे. दुखत असला म्हंजे. मी इचारू नये म्हणून."

"आणि दुखत नसलं की?" मी विचारलं.

"तवा कशाला दाबतील? तवा बडबड करायचे."

मग त्या रडल्या, या दहा दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने. मी पण रडलो. शेजारची बाई डोकावून गेली. नंतर वहिनींनी डोळे पुसून यादी माझ्या हातातून घेतली आणि नारळ कमी लिहिलेत म्हणाल्या.

म्हणजे तू शब्द मोडलास. त्या रस्त्यावर, बँडेज बांधलेल्या डोक्याने, माझा हात धरून जे म्हणाला होतास ते तू पाळलं नाहीस. तुला दुखत होतं आणि मी विचारू नये, मी थांबू नये, माझा खेळ बिघडू नये म्हणून तू दाबलास. मला तुझा इतका राग आलाय की समोर असतास तर रमाकांतला बाजूला सारून मीच तुला आपटला असता. आणि त्याच वेळी वाटतं की मरताना दुसऱ्याची एवढी काळजी करणारा माणूस मला बावीस वर्षं मिळाला. दोन्ही वाटतं. दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही.

एवढं मात्र कळलंय की विचारणारा मी होतो. तू काय उत्तर देणार ते मला बोर्लीपासून माहीत असायला हवं होतं. तुझा हात न दाबता मला तुझ्या तोंडाकडे बघता आलं असतं. तू तोंड झाकून पडलेला असायचास आणि मी ते झाकलेलं राहू द्यायचो, कारण मला पुढे मोजायची घाई असायची.

उद्याचं ठरवलंय. पट्ट्यांचा शर्ट घालीन. चार शब्द बोलेन, त्यात तू होडीत ओकायचास तेही सांगेन, लोकांना हसू दे. मग घंटेशी जाईन आणि टोल देईन. एक, दोन, तीन, असे आठ. आठनंतर पोरं माझ्याकडे बघतील, म्हातारा मोजायला चुकला म्हणतील. दहा मी देणार नाही. हातोडी खाली ठेवीन, दोन्ही हात डोक्यावर नेईन आणि फुली धरीन, सगळ्यांच्या समोर, दंड दुखेपर्यंत. समोरच्यांपैकी फार तर रमाकांतला त्याचा अर्थ लागेल. वहिनींना मी निघताना सांगून आलोय. त्या म्हणाल्या, धरा, मी बघेन.